पानाची सावली आणि न दिसणारा दिवा

पेढीवरच्या उतरत्या मेजापुढे मांडी घालून बसणारा जुना कारकून आपली बैठक कोठे मांडावी हे ठरवताना प्रथम खिडकी पाहत असे. उजेड डाव्या अंगाने आणि किंचित वरून येईल अशा बेताने तो मेज सरकवी, कारण उजेड उजवीकडून आला तर लिहित्या हाताची सावली नेमकी ज्या अक्षरावर नजर ठेवायची त्याच अक्षरावर पडे, आणि समोरून आला तर कागदाची चकाकी डोळ्यांत जाई. शाळेतील बाकेदेखील पुष्कळ ठिकाणी याच हिशेबाने मांडलेली असत. आज आपण ज्या पडद्यावर अर्ज, अहवाल आणि निमंत्रणपत्रिका तयार करतो, त्याला खिडकीची गरज उरलेली नाही, कारण तो स्वतःच प्रकाश देतो. तरीही त्या पडद्यावर उमटलेल्या पांढऱ्या पानाच्या उजव्या आणि खालच्या कडेशी एक मंद करडी सावली पुष्कळदा रेंगाळताना दिसते, आणि सावली उजवीकडे खाली पडली असेल तर दिवा डावीकडे वर असला पाहिजे, हे सांगायला कोणा पंडिताची आवश्यकता नाही. कारकुनाची खिडकी गेली, पण तिचा उजेड राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा न दिसणारा दिवा कोठे आहे, तो एकच आहे की अनेक आहेत, आणि तो कोणाच्या मालकीचा आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक आहेत त्याची पाने नीटनेटकी दिसतात. ज्याला ठाऊक नाहीत त्याचीही कधी कधी दिसतात, परंतु तो योगायोग असतो.

मालकीचा प्रश्न आधी सोडवलेला बरा, कारण या प्रकरणातील निम्मा घोटाळा त्याच्यापासून सुरू होतो. ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या छाया आणि पार्श्वभूमी दोन भिन्न जातींच्या आहेत. पहिली जात मेजाची: पानाभोवती पसरलेला करडा रंग, पानाची कडा आणि त्या कडेशी पडलेली सावली ही सर्व सॉफ्टवेअरची मालमत्ता असून ती दस्तऐवजात साठवली जात नाही, छापली जात नाही, आणि तीच फाइल दुसऱ्याने आपल्या यंत्रावर उघडली तर त्याला त्याच्या मेजाचा रंग दिसतो, आपल्या नव्हे. दुसरी जात पानाची: लेखकाने पानाला दिलेला रंग, चौकटीला दिलेली छाया, स्लाइडमागील चित्र, ही दस्तऐवजाची मालमत्ता असून ती फाइलबरोबर गावोगाव फिरते. नवखा मनुष्य पडद्यावर पानाची सावली पाहतो, छापील कागदावर ती न आढळल्यामुळे छपाईयंत्राला दोष देतो आणि मग हट्टाने चौकट काढून तिला स्वतःच्या हाताने छाया जोडतो. त्यानंतर पडद्यावर त्याला दोन सावल्या दिसू लागतात, एक मेजाची आणि एक त्याची स्वतःची.

मेजाची कल्पना पडद्यावर आली कशी, हा इतिहास थोडा मनोरंजक आहे. आरंभीच्या पडद्यांवर पान नव्हतेच. काळ्या अंधारात हिरवी किंवा पांढरी अक्षरे चमकत, आणि पुढे 1980 नंतरच्या दशकात ज्याने असंख्य कचेऱ्या जिंकल्या त्या वर्डपर्फेक्टमध्ये निळ्या पटावर फिकट अक्षरे उमटत. कागद ही छपाईच्या वेळी भेटणारी वस्तू होती. याला छेद दिला तो कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्राने. तेथे 1973 साली सिद्ध झालेल्या आल्टो या संगणकाचा पडदा आडवा नव्हे तर उभा होता, 606 बिंदू रुंद आणि 808 बिंदू उंच, म्हणजे जवळजवळ पत्राच्या कागदाच्या आकाराचा, आणि त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरे दिसत. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी त्याच यंत्रासाठी ब्राव्हो हा लेखनाचा प्रोग्राम 1974 साली रचला, आणि पडद्यावर जे दिसेल तेच कागदावर उतरेल ही प्रतिज्ञा तेथून पुढे सर्वांनी आपलीशी केली. आल्टोच्या उभ्या पडद्यात पान आणि पडदा यांचा आकार सारखाच असल्यामुळे पानाच्या बाहेर काय आहे हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. पडदा रुंद झाला आणि पान त्याच्यापेक्षा लहान ठरले तेव्हा तो उद्भवला. झेरॉक्सच्याच 1981 सालच्या स्टार यंत्राने त्याला उत्तर दिले की पानाच्या बाहेर कचेरीतील मेज आहे, आणि मेज करडे आहे. 1984 सालच्या मॅकिन्टॉशजवळ तर करडा रंगही नव्हता. 512 रुंद आणि 342 उंच बिंदूंच्या त्या पडद्यावर प्रत्येक बिंदू एकतर काळा नाहीतर पांढरा, म्हणून काळे-पांढरे बिंदू आलटूनपालटून मांडून त्याने करड्याचा आभास निर्माण केला, आणि खिडक्यांच्या व मेनूंच्या उजव्या व खालच्या कडेला अवघ्या एका बिंदूची काळी रेघ ओढून सावली पाडली. एक बिंदू म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर. परंतु तेवढ्यावर खिडकी मेजापासून उचलली गेली.

इतकी लहान सावली पुरते, याचे कारण पडद्यात नसून पाहणाऱ्याच्या मेंदूत आहे. माणसाची दृष्टी प्रकाश वरून येतो असे गृहीत धरून चालते. सूर्य डोक्यावर असतो, दिवाही बहुधा वर टांगलेला असतो, आणि ही सवय इतकी खोल रुजली आहे की ज्या वर्तुळाचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळसर असेल ते आपल्याला फुगवट्यासारखे दिसते, आणि तेच वर्तुळ उलटे केले की खड्ड्यासारखे. तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ वि. स. रामचंद्रन यांनी 1988 साली अशा छायांकित वर्तुळांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि त्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे: एका चित्रात दृष्टी एकाच प्रकाशस्रोताची कल्पना करते. काही वर्तुळे एका बाजूने आणि काही विरुद्ध बाजूने छायांकित असली, तर दिवे दोन आहेत असे मानण्याऐवजी ती काहींना उंचवटे ठरवते आणि बाकीच्यांना खळगे. पुढील संशोधकांना असेही आढळले की हा गृहीत दिवा नेमका माथ्यावर नसून किंचित डावीकडे कललेला असतो. नकाशे काढणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उत्तर गोलार्धात कर्कवृत्ताच्या वरच्या भागात सूर्य वायव्येकडून डोंगरांवर माध्यान्हीचा प्रकाश कधीच टाकत नाही, तरीही नकाशातील डोंगर वायव्येकडून उजळवण्याचा शिरस्ता आहे, कारण ते खालून उजळवले तर वाचकाला पर्वतांच्या जागी दऱ्या दिसू लागतात.

मेजाच्या रंगालाही असाच एक जुना आधार आहे. फ्रान्समधील गोबेलँ या सुप्रसिद्ध विणकाम-कारखान्याच्या रंगशाळेचा प्रमुख मिशेल युजीन शेव्रल याच्याकडे तक्रार आली की काळा दोरा फिका पडतो; चौकशीअंती त्याला आढळले की दोऱ्यात काही दोष नाही, दोष शेजारच्या रंगांचा आहे. रंग हा एकटा कधीच दिसत नाही, तो शेजाऱ्याच्या संगतीत दिसतो, हा सिद्धांत त्याने 1839 साली ग्रंथरूपाने मांडला. पडद्यावरील पानाच्या बाबतीत याचा अर्थ असा की मेज जवळजवळ पांढरे असेल तर पानाची कडा हरवते, मेज काळेभोर असेल तर तेच पान डोळ्यांत खुपते, आणि मेज निळे असेल तर शुभ्र कागदावर पिवळसर झाक चढल्याचा भास होतो; म्हणून कोणत्याही रंगाचा पक्ष न घेणारा मध्यम किंवा फिका करडा हाच मेजासाठी योग्य ठरतो. छायाचित्रांवर काम करणारे लोक याविषयी फार काटेकोर असतात. कचेरीतील लोक नसतात, पण दिवसभर पाहणे त्यांनाही तेच असते.

आता हे मेज एकाच घरात निरनिराळ्या खोल्यांत निरनिराळे असेल तर काय होईल? ऑफिस सॉफ्टवेअरच्या संचात लेखनाचा, तक्त्यांचा, सादरीकरणाचा आणि रेखाटनाचा असे भिन्न प्रोग्राम असतात, आणि ते बहुधा एकाच दिवशी, एकाच हाताने लिहिलेले नसतात. आज लिबरऑफिस या नावाने जो मुक्त संच ओळखला जातो त्याची वंशावळ जर्मनीतील ल्यूनेबुर्ग येथे 1985 साली मार्को बोरीस या शाळकरी वयाच्या मुलाने स्थापन केलेल्या स्टार डिव्हिजनपर्यंत जाते. ती कंपनी 1999 साली सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, 2000 साली मूळ संहिता सर्वांना खुली झाली, आणि 2010 साली त्यातून लिबरऑफिस वेगळे निघाले. अशा वाड्यात, जो पिढ्यान्‌पिढ्या खण वाढवत गेला, एका दालनात पानाची सावली मऊ, दुसऱ्यात कठीण, तिसऱ्यात नुसतीच रेघ, असा प्रकार झाला तर त्यात नवल नाही. याला सौंदर्यदोष म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु अहवालाचे लेखन एका खिडकीत आणि त्याच अहवालाची सादरीकरणाची पाने दुसऱ्या खिडकीत उघडी ठेवून काम करणाऱ्याला तेच पांढरे दोन ठिकाणी दोन प्रकारचे दिसते, कोठे कागद संपतो आणि कोठे मेज सुरू होते याचा अंदाज प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो, आणि ही तफावत डोळ्यांना थकवते. यावर इलाज एकच: मेजाचा रंग, कागदाचा रंग आणि सावली यांचा कारभार प्रत्येक प्रोग्रामने स्वतंत्र न चालवता संपूर्ण संचासाठी एका ठिकाणी चालवावा. लिबरऑफिसच्या पर्यायांत अनुप्रयोगाच्या रंगांची जी यादी आहे, तीत दस्तऐवजाची पार्श्वभूमी आणि अनुप्रयोगाची पार्श्वभूमी ही दोन कलमे स्वतंत्र ठेवलेली आहेत, आणि वर सांगितलेला कागद व मेज यांचा भेद सॉफ्टवेअरनेच मान्य केल्याचा तो लेखी दाखला आहे.

मेज येथे सोडून आपण पानाच्या स्वतःच्या छायेकडे वळू, कारण तिची जबाबदारी आपली आहे.

छाया चार गोष्टींनी ठरते: ती कोणत्या दिशेला पडते, वस्तूपासून किती दूर पडते, तिची कडा किती धूसर आहे, आणि ती किती पारदर्शक आहे. पहिल्या दोन गोष्टी दिव्याची जागा आणि वस्तूची उंची सांगतात. धूसरता दिव्याचा आकार सांगते: बिंदूएवढ्या दिव्याची सावली धारदार पडते, मोठ्या दिव्याच्या सावलीला गडद प्रच्छायेभोवती विरळ उपच्छायेची किनार असते, जसे ग्रहणात घडते. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापते, त्यामुळे भिंतीपासून एक मीटर पुढे असलेल्या वस्तूच्या सावलीची कडा उन्हातही सुमारे 9 मिलिमीटर रुंदीत विरघळलेली असते. वस्तू जितकी जवळ तितकी कडा तीक्ष्ण. म्हणून छायेचे अंतर वाढवले की धूसरताही वाढवावी, आणि अंतर कमी केले की ती कमी करावी, नाहीतर डोळ्याला कोठेतरी खोटेपणा जाणवतो, जरी कशात खोट आहे ते त्याला सांगता आले नाही. पारदर्शकता आजूबाजूच्या उजेडाचा हिशेब देते. चहूकडून प्रकाश येणाऱ्या ओसरीत सावली कधीच काळी ठिक्कर नसते.

हिशेब निघालाच आहे तर एक गमतीचा हिशेब करू. लिबरऑफिसच्या रायटरमध्ये पानाच्या चौकटीला छाया दिली की तिचे अंतर आपोआप 0.18 सेंटिमीटर धरले जाते, तेवढेच उजवीकडे आणि तेवढेच खाली. म्हणजे तिरकी लांबी सुमारे अडीच मिलिमीटर झाली. प्रकाश पंचेचाळीस अंशांनी उतरतो असे मानले तर सावलीची लांबी वस्तूच्या उंचीएवढी असते, आणि साध्या कचेरीच्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. तेव्हा ही सावली एका कागदाची नव्हे, चोवीस कागदांच्या पुऱ्या दस्त्याची ठरते! एका कागदाची खरी सावली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे दिसण्यासारखी नाहीच. तात्पर्य, पडद्यावरील प्रत्येक छाया ही अतिशयोक्ती आहे. मात्र सर्व पानांवर एकाच पटीची अतिशयोक्ती केली तर ती खपते, आणि एका चौकटीखाली दस्ता व शेजारच्या चौकटीखाली रीम असे झाले की खपत नाही.

वर्ड आणि पॉवरपॉइंट ज्या स्वरूपात फाइल साठवतात त्यातील मापे पाहिली तर या विषयातील शिस्त किती बारीक आहे ते कळते. तेथे अंतराचे एकक म्हणजे इंचाचा 9,14,400 वा भाग. हा विचित्र आकडा लहरीने निवडलेला नसून त्याला 72 ने भागले तर 12,700 हा मुद्रणाचा एक पॉइंट येतो आणि 2.54 ने भागले तर 3,60,000 म्हणजे बरोबर एक सेंटिमीटर येतो, त्यामुळे इंच, पॉइंट आणि सेंटिमीटर या तिन्ही मापांत अपूर्णांकावाचून व्यवहार होतो. कोन अंशाच्या साठ हजाराव्या भागात मोजतात. उजवीकडे खाली पडणारी जी सर्वपरिचित छाया आहे ती या भाषेत अंतर 38,100, धूसरता 50,800 आणि दिशा 27,00,000 अशी लिहिली जाते, म्हणजे तीन पॉइंट अंतर, चार पॉइंट धूसरता आणि पंचेचाळीस अंश, चाळीस टक्के अपारदर्शक काळ्या रंगात. लिबरऑफिसचे ओपन डॉक्युमेंट हे स्वरूप तीच गोष्ट निराळ्या पद्धतीने सांगते: अंतर आणि कोन न देता ते आडवे किती सरकले आणि उभे किती सरकले ते देते. तीन पॉइंटांची ती तिरकी छाया तेथे आडवी 2.12 आणि उभी 2.12 पॉइंट, म्हणजे साधारण पाऊण-पाऊण मिलिमीटर, अशी मांडावी लागते. एकाच शेताचे माप एका तलाठ्याने बिघ्यांत आणि दुसऱ्याने गुंठ्यांत लिहावे तसे हे आहे. रुजवात होते, पण एका संचातून दुसऱ्यात फाइल चारदा गेली-आली की दशांशस्थळे झिजतात, आणि जी छाया सर्व पानांवर एक होती ती कोठे अर्ध्या केसाने सरकलेली आढळते.

त्याच स्वरूपात आणखी एक लहानसे कलम आहे, ज्याचे मला फार कौतुक वाटते: आकृती फिरवली तर छायेने तिच्याबरोबर फिरावे किंवा नाही. नेहमीच्या छायांत त्याचे उत्तर "नाही" असे दिलेले असते. चौकट नव्वद अंशांनी उजवीकडे वळवली आणि छायाही तिच्याबरोबर वळली, तर उजव्या कोपऱ्याखालची सावली डाव्या कोपऱ्याखाली येईल, म्हणजे वस्तू वळवल्याबरोबर सूर्यही आकाश ओलांडून गेला असे होईल. ज्या कोणी हे कलम लिहिले त्याने दिव्याचा विचार केला होता, नुसत्या नक्षीचा नव्हे.

आम्ही मात्र तो केला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा वार्षिक अहवाल तयार करण्याचे काम आम्हा तिघांवर आले. कार्यवृत्त एकाने, जमाखर्चाचे तक्ते दुसऱ्याने आणि छायाचित्रांची पाने मी, अशी वाटणी होऊन प्रत्येकाने आपापल्या घरी, आपापल्या यंत्रावर आणि आपापल्या अभिरुचीप्रमाणे चौकटींना छाया दिल्या. एकाच्या उजवीकडे खाली पडत होत्या. दुसऱ्याला त्या सामान्य वाटल्यामुळे त्याने यादीतील निराळा नमुना निवडून त्या वर डावीकडे पाडल्या होत्या. आणि माझ्या चित्रांना चहूबाजूंनी धुकट वलय होते, जे मला त्या वेळी अत्यंत सुसंस्कृत वाटले. खिळे जुळवण्याच्या काळापासून छपाईत मुरलेल्या मुद्रकाने चष्मा कपाळावर सारून मधले पान पाहिले आणि एवढेच म्हटले, "साहेब, पानावर तीन सूर्य उगवलेत." त्या पानावर तिघांच्याही चौकटी एकत्र आल्या होत्या.

दुरुस्तीला पूर्ण दोन संध्याकाळी गेल्या, कारण प्रत्येक छाया हाताने दिलेली होती आणि हातानेच काढावी लागली. येथे त्या कामाचे खरे मर्म आहे. छाया किंवा पार्श्वभूमी ही वस्तूला द्यायची नसते, शैलीला द्यायची असते आणि वस्तूला ती शैली नेमून द्यायची असते. म्हणजे सुभ्यात एकदा फर्मान सुटले की तालुक्याच्या प्रत्येक गावी स्वार धाडावा लागत नाही. पॉवरपॉइंटमधील थीम ही अशीच सनद आहे. तिच्यात बारा रंग नेमलेले असतात, त्यांपैकी दोन गडद आणि दोन फिके हे अक्षर व पार्श्वभूमी यांच्यासाठी. पार्श्वभूमीच्या भरणीचे तीन प्रकार असतात, सौम्य ते तीव्र. आणि या चार रंगांची तीन भरणींशी सांगड घातली की पार्श्वभूमींच्या यादीत जे बारा चौकोन दिसतात ते तयार होतात. छायांचेही असेच तीन दर्जे त्या थीममध्ये ठरवून ठेवलेले असतात. जो यांच्यातूनच निवडतो त्याने नंतर थीम बदलली तर सर्व स्लाइड एकदम, एका पावलाने बदलतात. जो रंगाच्या चक्रावर बोट ठेवून स्वतःचा निळा उचलतो त्याचा निळा बदलत नाही, आणि नव्या थीममध्ये तो जुन्या सरकारच्या शिक्क्यासारखा एकटाच उरतो.

पानाच्या रंगाच्या बाबतीत वर्ड आणि रायटर यांच्यात मूलभूत मतभेद आहे. वर्डमध्ये पानाचा रंग हा संपूर्ण दस्तऐवजाचा गुण आहे. फाइलमध्ये त्याची नोंद एकदाच होते, आणि केवळ तिसऱ्या पानाला पिवळा रंग देण्याची तजवीज तेथे नाही. ज्यांना ते हवेच असते ते शीर्षभागात पानभर आयत टाकून तो मजकुरामागे ढकलतात. रायटरमध्ये रंग हा पानशैलीचा गुण आहे. पहिल्या पानाची शैली, डाव्या पानाची, उजव्या पानाची, अशा जितक्या शैली तितक्या पार्श्वभूमी. ही मोकळीक मोठी आहे, परंतु तिला एक किंमत आहे, ती अशी की परिच्छेदाच्या शैलींना जशी आईबापांची परंपरा असते, मूळ शैलीत बदल केला की लेकी-सुनांत तो उतरतो, तशी पानशैलींना नाही. तेथे प्रत्येक शैली आपल्यापुरती, त्यामुळे रंगाचा आकडा आणि छायेचे अंतर एका कागदावर टिपून ठेवून प्रत्येकीत तेच भरावे लागते. शिवाय पानशैलीतील छाया समासाच्या आतल्या जागेतून आपला वाटा घेते. छाया दिली की ओळी आखूड होतात, मजकूर पुढे सरकतो, आणि शेवटी चार ओळींचे एक अनाथ पान निर्माण होते. रायटरमधील तीन रंगांची पाने वर्डच्या स्वरूपात साठवली तर तीन रंगांना तेथे जागा नाही, हे लक्षात ठेवून अशी फाइल दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करून पाठवणेच शहाणपणाचे.

छपाईत पार्श्वभूमीची आणखी परीक्षा होते. वर्ड पानाचा रंग स्वतःहून छापतच नाही. पर्यायांत जाऊन तशी परवानगी द्यावी लागते, आणि शाईचे भाव पाहता हा सावधपणा मला योग्यच वाटतो. परवानगी दिली तरी घरगुती छपाईयंत्राला कागदाच्या कडेपर्यंत पोचता येत नसल्यामुळे भोवती पांढरी किनार राहते. छापखान्यात यावर उपाय म्हणून रंग कागदाच्या हद्दीबाहेर तीनेक मिलिमीटर वाढवून छापतात आणि मग कापतात. काळ्या लेझर यंत्राजवळ तर करडी शाईच नसते. 600 बिंदू प्रतिइंच छापणारे यंत्र आठ बाय आठ बिंदूंचा एक गट करून त्यातील कमी-अधिक बिंदू भरते, तेव्हा त्याला करड्याच्या 65 छटा मिळतात खऱ्या, पण इंचात गट उरतात केवळ 75. पडद्यावर रेशमासारखी विरणारी छाया अशा यंत्रातून रांगोळीच्या ठिपक्यांसारखी बाहेर येते, आणि त्या प्रतीची झेरॉक्स, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, असा कचेऱ्यांतील नेहमीचा प्रवास झाला की छायेचा डाग होतो आणि डागाखालची अक्षरे जातात. वाचनीयतेचे आंतरराष्ट्रीय निकष सामान्य अक्षरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 : 1 इतका भेद मागतात, शुभ्रावर काळ्याचा भेद 21 : 1 असतो, परंतु काळा आणि पांढरा यांच्या बरोबर मध्ये बसणारा करडा, जो रायटर छायेसाठी स्वतःहून निवडतो, त्या रंगाने पांढऱ्यावर अक्षरे लिहिली तर भेद 3.95 : 1 भरतो, म्हणजे जो रंग सावलीला शोभतो तो मजकुराला नापास होतो.

अलीकडे पडदा पुन्हा काळा करण्याची आवड वाढली आहे, आणि वर्डपर्फेक्टच्या निळ्या पटावर वाढलेल्यांना ती पाहून हसू येत असेल. गडद मेजावर सावलीची विद्या कुंठित होते. 0 ते 255 या मापावर पांढरा 255 असतो. चाळीस टक्के काळी छाया त्याला 153 वर आणते आणि 102 पायऱ्यांचा फरक लख्ख दिसतो. तीच छाया 18 एवढ्या काळसर करड्यावर टाकली तर ती 11 वर जाते. सात पायऱ्यांचा फरक कोणाला दिसणार? म्हणून गुगलच्या रचनाकारांनी आपल्या गडद आराखड्यात दिशा उलटवली: वस्तू जितकी वर उचललेली, तितका तिचा पृष्ठभाग उजळ. अंधाऱ्या माजघरात कंदिलाजवळ जाणारी वस्तू उजळत जाते, तसेच हे.

राहता राहिली अक्षरांची छाया. रोमन अक्षरे सुटी सुटी उभी असतात, म्हणून त्यांच्यामागे छाया पडली तरी तिला पसरायला जागा असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर-खाली काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांची दाटी असते, आणि छाया त्या दाटीतील मोकळ्या खिडक्याच बुजवते. शिरोरेषेची सावली तिच्याखाली दुसऱ्या शिरोरेषेसारखी दिसते. अनुस्वाराची तर फारच पंचाईत. आमच्या त्या अहवालाच्या मुखपृष्ठावर संस्थेचे नाव मोठ्या अक्षरांत, छायेसह घातले होते; तीन सूर्य मावळले, चौकटी एका दिव्याखाली आल्या, पण हे नाव माझे आवडते असल्यामुळे मी ते तसेच ठेवले होते. प्रुफे तपासून परत आली तेव्हा वृद्ध मुद्रितशोधकांनी मुखपृष्ठावर एकच खूण केली होती: नावातील अनुस्वाराच्या उजवीकडे खाली पडलेल्या ठिपक्यावर लाल शाईने काट मारून त्यांनी समासात लिहिले होते, "एक अनुस्वार जास्त."